हळू, व्हॉल्व्ह अडकलाय!

मेकॅनिकलचा प्रत्येक विद्यार्थी व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राम किमान तीनदा काढतो. एकदा जर्नलमध्ये, एकदा परीक्षेत आणि एकदा मित्राच्या जर्नलमध्ये. त्या डायग्राममधले व्हॉल्व्ह फार गुणी असतात. वेळेवर उघडतात, वेळेवर बंद होतात, सबमिशनला कधी त्रास देत नाहीत. खऱ्या इंजिनातला व्हॉल्व्ह मात्र पंधरा-वीस वर्षं कुणी विचारलं नाही की रुसून बसतो. आणि त्याचा रुसवा काढायला हातोडीपेक्षा धीर जास्त लागतो. तो धीर कसा धरायचा, आणि धरताना नेमकं काय काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या आय.सी. इंजिन लॅबच्या मागच्या शेडमध्ये एक सीजे-थ्री-बी जीप उभी आहे, हे हॉस्टेलवरच्या सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर बसून फोटो काढून झालेत, तिच्या बॉनेटवर टॉवेल वाळवून झालेत. गेल्या वर्षी डेडस्टॉकची तपासणी निघाली आणि 'नादुरुस्त' शेऱ्याखाली जीपचं नाव भंगाराच्या यादीत गेलं. सरांनी सांगितलं, ''सेमिस्टर संपायच्या आत इंजिन चालू करून दाखवा, मी यादीतून नाव काढायला लावतो. नाहीतर लिलाव.'' आम्ही चौघं आणि वर्कशॉपचे मामा, एवढी आमची फौज. मामा तीस वर्षं फिटर आहेत. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ''पोरांनो, आधी हातोडी कपाटात ठेवा आणि किल्ली मला द्या.''

हे इंजिन वेगळं का?

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं 'गो-डेव्हिल' इंजिन एल-हेड होतं. म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी, डोकं वर करून बसलेले. ताकद ६० हॉर्सपॉवर. त्याच ब्लॉकच्या घराण्यातून पुढे 'हरिकेन' इंजिन आलं. घनफळ तेवढंच, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २२०० सीसी, पण ताकद ७२ हॉर्सपॉवर. हे कसं जमलं? इनलेट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेला आणि मोठा केला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिला. या रचनेला एफ-हेड म्हणतात. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. १९५३ साली आलेल्या सीजे-थ्री-बीचं ते उंच, थोडं विचित्र कपाळ तिथून आलं आहे!

या जीपचं महाराष्ट्राशी नातं जुनं. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-थ्री-बी इथे कित्येक वर्षं बनत राहिली. पण पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपमधून मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं गेलं. त्यामुळे आज जीप पुष्कळ दिसतात, मूळ हरिकेन इंजिन असलेली मात्र क्वचित. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम केले, त्यातही वाहन ५० वर्षांहून जुनं आणि मूळ स्वरूपात असावं अशी अट आहे. अशा वेळी ब्लॉक फुटला तर 'दुसरा टाकू' म्हणणं सोपं नसतं. सगळी सावधगिरी त्यासाठी.

शिकायला तर हे इंजिन सोन्याची खाण आहे. एकाच इंजिनात दोन्ही प्रकार! वर रॉकर, पुशरॉड आणि हेडमधला व्हॉल्व्ह. खाली टॅपेट आणि ब्लॉकमधला व्हॉल्व्ह. आणि अडकायच्या जागाही दोन्ही प्रकारच्या.

व्हॉल्व्ह अडकतो का?

व्हॉल्व्हचा दांडा गाइडमध्ये वरखाली सरकतो. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. या फटीत तीन पाहुणे येतात. पहिला म्हणजे जळलेल्या तेलाची काजळी, जी एक्झॉस्टच्या बाजूला दांड्याभोवती कॉलरसारखी जमते. दुसरा म्हणजे शिळ्या पेट्रोलचा चिकट थर; हा इनलेटच्या बाजूला जास्त. तिसरा आणि सगळ्यात वाईट म्हणजे गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. बंद फटीत त्याला जागा कुठली? मग तो पाचर मारल्यासारखा दोन्हीकडून दाबत राहतो.

आता गंमत पाहा. आम्ही प्लग काढले, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि एक दिवसानं हँडल हळूच फिरवलं. इंजिन फिरलं! पिस्टन मोकळे होते. पण दोन आणि चार नंबरला कॉम्प्रेशन अजिबात नाही. मामांनी विचारलं, ''फायरिंग ऑर्डर काय?'' आम्ही एका सुरात, ''१-३-४-२.'' ''मग व्हायवाला काय सांगता? एक नंबर पॉवर स्ट्रोकला असेल तर बाकीचे कुठे?''

हिशोब करून बघा. एक पॉवरला, तर तीन कॉम्प्रेशनला, चार सक्शनला आणि दोन एक्झॉस्टला. म्हणजे जीप ज्या दिवशी शेवटची बंद झाली त्या दिवशी दोन नंबरचा एक्झॉस्ट आणि चार नंबरचा इनलेट उघडा राहिला. उघड्या व्हॉल्व्हचा दांडा उघडा पडतो आणि सायलेन्सरमधून, कार्बोरेटरमधून आलेली पावसाळी हवा त्याला थेट लागते. अडकले होते तेच दोन! चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. म्हणून उभ्या गाडीचं इंजिन महिन्यातून एकदा हातानं थोडं फिरवून ठेवावं हा जुना सल्ला आहे. त्यामागचं कारण आम्हाला त्या दिवशी कळलं.

खोलण्याआधीची तयारी

स्टार्टर मारून बघायचा मोह आवरा. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल तर कॅम त्याला उघडायचा प्रयत्न करणारच, आणि मग पुशरॉड वाकतो किंवा रॉकर तुटतो. जे करायचं ते हँडलनं, हातानं. हाताला जड लागलं की थांबायचं. हात हा उत्तम टॉर्क मीटर आहे, स्टार्टर मोटर नाही.

मेसमधून अंड्यांचे रिकामे ट्रे आणा. प्रत्येक खळग्यावर नंबर लिहा. पुशरॉडसाठी पुठ्ठ्याला भोकं पाडा आणि त्यांनाही नंबर द्या. जो भाग जिथून निघाला तिथेच परत गेला पाहिजे, कारण इतक्या वर्षांत ते एकमेकांवर झिजून एकमेकांचे झालेले असतात.

काजळी खरवडताना मास्क लावा आणि काम ओलं ठेवा. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये पूर्ण बंद झालं. त्याआधी चाललेल्या इंजिनांच्या काजळीत शिसं असतं. कोरड्या वायर ब्रशनं उडवलेली धूळ थेट छातीत जाते.

हेड उतरवणं : लपलेला बोल्ट

रॉकर कव्हर काढलं की रॉकर शाफ्ट दिसतो. त्याचे नट एकदम एक एक करून पूर्ण सोडू नका. काही रॉकर त्या वेळी स्प्रिंगच्या दाबाखाली असतात. प्रत्येक नट अर्धा-अर्धा आटा, आळीपाळीनं. पुशरॉड वर ओढण्याआधी बोटांनी जरा फिरवा, म्हणजे टॅपेटच्या खळग्यातली तेलाची पकड सुटते.

आता हरिकेनचा खास सापळा. या इंजिनात इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नाही, हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्बोरेटर हेडच्या डोक्यावर बसतो. हेडचा एक बोल्ट बरोबर त्या कार्बोरेटरखाली, इनलेटच्या वाटेच्या आत लपलेला आहे. बाहेरचे सगळे बोल्ट निघाले, तरी हेड हलत नाही; मग माणूस पेचकस घुसवतो, पहार आणतो आणि बिडाचं हेड तडकवतो. कार्बोरेटर काढा, आत बॅटरी मारा, तो बोल्ट काढा. मग हेड लाकडी मोगरीच्या दोन टोल्यांत सुटतं. आमच्या हेडच्या एका कोपऱ्यावर जुन्या पहारीचा व्रण होता. आमच्या आधी कुणीतरी हा सापळा अनुभवलेला दिसतो!

चार नंबरचा इनलेट हेडमध्येच होता, त्यामुळे तो टेबलावर आला. हेड उलटं ठेवून, पोर्टची तोंडं चिंध्यांनी बंद करून गाइडभोवती डिझेल आणि रॉकेलचं मिश्रण दोन दिवस भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्यानं टकटक केल्यावर तो मुकाट्यानं हलला. चिकट थर होता, गंज कमी. त्याचं कौतुक इतकंच. खरी लढाई ब्लॉकमधल्या दोन नंबरच्या एक्झॉस्टशी.

ब्लॉकमधला व्हॉल्व्ह : अकरा दिवसांची लढाई

पहिलं काम : बाजूचं व्हॉल्व्ह चेंबरचं कव्हर काढलं की तळाशी तेल परत खाली जायची भोकं दिसतात. ती चिंध्यांनी बंद करा आणि चिंध्या मोजून कागदावर लिहा. व्हॉल्व्हचं लॉक नखाएवढं असतं. निसटलं की थेट क्रँककेसमध्ये. मग चेंबर उतरवा, शोधा, आणि मामांचे शब्द ऐका.

दुसरं काम : विचार. व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, म्हणजे वर उचललेला. त्याला काढायचं वर, पण हलवायचं आधी खाली. असं का? कारण अडकलेला भाग मोकळा करायचा नियम आटे पाडणाऱ्या टॅपसारखा आहे. थोडं पुढे, थोडं मागे. एकाच दिशेनं जोर लावला की कचरा पुढे ढकलला जाऊन आणखी घट्ट बसतो.

पण खाली दाबण्याआधी उघड्या दांड्यावरची काजळीची कॉलर काढली पाहिजे. ती तशीच ठेवून दाबलं तर बुचासारखी गाइडच्या तोंडात बसेल. बारीक पॉलिश पेपरची पट्टी तेलात भिजवून दांड्याभोवती बुटाच्या लेससारखी ओढली. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

तिसरी गोष्ट : स्प्रिंग लगेच काढू नका! आम्ही सगळे स्प्रिंग काढायला निघालो होतो, मामांनी हात धरला. स्प्रिंग चोवीस तास, फुकट, व्हॉल्व्हला खाली ओढत असते. आपण झोपलो तरी ती कामावर. तिला कशाला सुट्टी द्यायची?

मग भिजवणं. वरून पोर्टच्या बाजूनं आणि खालून चेंबरच्या बाजूनं, दिवसातून दोनदा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, हे मिश्रण चांगलं शिरतं. ॲसिटोन पटकन पेट घेतो, त्यामुळे दार-खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नाही. तेल शिरतं ते मात्र नुसत्या ओतण्यानं नाही, कंपनानं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर लाकडी ठोकळा, त्यावर छोट्या हातोडीचे हलके शंभर टोले. एक जोरदार टोला दांडा वाकवतो, शंभर हलके टोले गंजाचा थर तडकवतात.

उष्णता द्यावी का?

इथे आमच्यात वाद झाला. एक पार्टी म्हणाली, गॅस वेल्डिंगचा टॉर्च मारू, गाइड प्रसरण पावेल. वाद मिटवायला शेवटी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची वही उघडली. दांड्याचा व्यास ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर. बिडाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ११ गुणिले १० चा उणे सहावा घात. गाइड १०० अंशांनी तापवलं तर भोक वाढतं ९.५ × ११ × १०० भागिले दहा लाख, म्हणजे जेमतेम ०.०१ मिलिमीटर. एक शतांश!

पुढे ऐका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुतेक वेळा ऑस्टेनिटिक स्टीलचे असतात आणि त्यांचा प्रसरणांक १७ च्या आसपास. म्हणजे दोघेही सारखे तापले तर दांडा ०.०१६ नं फुगतो आणि भोक फक्त ०.०१ नं. फट वाढायच्या ऐवजी कमी होते! टॉर्चनं सगळंच लाल केलं तर व्हॉल्व्ह आणखी घट्ट. शिवाय बीड ताणात कमकुवत. एका जागी झपाट्यानं तापवलं की ब्लॉक तडकतो. आणि आत ॲसिटोन आहे ते वेगळंच.

म्हणून तोडगा असा. एक दिवस ॲसिटोनचं मिश्रण बंद, सगळं कोरडं पुसून वाळू दिलं. मग साध्या हॉट एअर गननं फक्त गाइडभोवतीचा ब्लॉक हळूहळू गरम केला, हात लावता येणार नाही इतपतच. गन बंद केली, आणि थंड होताना साधं पातळ तेल लावलं. तापताना फटीतली हवा बाहेर जाते, निवताना तेल आत ओढलं जातं. उष्णतेचा उपयोग भोक मोठं करण्यासाठी कमी, तेल आत शोषण्यासाठी जास्त. हा प्रकार रोज एकदा.

आठव्या दिवशी संध्याकाळी टोल्यांचा आवाज बदलला. 'टण्' ऐवजी 'टप्'. मामा म्हणाले, ''थांबा. हलला.'' डायल गेज लावला, अर्धा मिलिमीटर खाली. तुम्हाला सांगतो, रिझल्टच्या दिवशीसुद्धा आमच्या खोलीत इतका आरडाओरडा झाला नव्हता.

त्यानंतरची युक्ती साधी आणि सुंदर. ठोकळ्यानं व्हॉल्व्ह थोडा खाली, मग हँडल हळूच फिरवून कॅमनं टॅपेटद्वारे तोच व्हॉल्व्ह थोडा वर. पुन्हा तेल. पुन्हा खाली. इंजिनाचाच कॅम इंजिनाची दुरुस्ती करतो! हँडल जड लागलं की थांबायचं, हा नियम इथेही. अकराव्या दिवशी व्हॉल्व्ह सीटवर जाऊन बसला आणि स्प्रिंगच्या जोरावर आपोआप वरखाली करू लागला.

बाहेर काढताना

आता स्प्रिंग दाबून लॉक काढायचं. लॉक काढताना चुंबक जवळ ठेवा. लॉक निघाल्यावर लगेच व्हॉल्व्ह ओढू नका. दांड्याच्या खालच्या टोकाला बोट लावून पाहा. टॅपेटचे टोले खाऊन तिथे बारीक कड बाहेर आलेली असते. ती कड गाइडमधून ओढली तर आतून ओरखडा पडतो आणि इतके दिवस वाचवलेलं गाइड शेवटच्या मिनिटाला बाद होतं. बारीक कानस किंवा ऑइलस्टोननं ती कड उतरवा, मग व्हॉल्व्ह वर उचला. बोटांनी निघाला पाहिजे.

व्हॉल्व्ह बाद करायचाच असं ठरलं असेल तर आणखी एक उपाय आहे. डोक्याला पकड लावून फिरवणं. डोक्याची त्रिज्या दांड्याच्या त्रिज्येच्या चौपट धरली, तर कडेवर लावलेलं बल दांड्याच्या पृष्ठभागावर चौपट होऊन पोचतं. ओढण्यापेक्षा पिळणं का सोपं, याचं उत्तर ते. पण डोक्याखाली पेचकस घालून उचकटणं कधीच नको. त्यानं दांडा वाकतो आणि सीट फुटते. आणि अगदीच निरुपाय झाला तर दांडा कापून व्हॉल्व्ह आणि गाइड दोन्ही काढून नवीन गाइड बसवतात. ते मशीन शॉपचं काम, खोलीतल्या उत्साहाचं नाही.

टॅपेट अडकले तर?

या इंजिनाचे टॅपेट छत्रीच्या आकाराचे आहेत, खालची बाजू रुंद. त्यामुळे ते वरून निघतच नाहीत. आधी कॅमशाफ्ट काढायचा, मग टॅपेट खालून. आणि कॅमशाफ्ट काढायचा तर सगळे टॅपेट वर उचललेले हवेत, नाहीतर कॅमचे उंचवटे त्यांना अडतात. दोन उपाय : इंजिन स्टँडवर असेल तर उलटं करा, गुरुत्वाकर्षण टॅपेटना कॅमपासून दूर नेतं. गाडीतच असेल तर टॅपेट वर उचलून कपडे वाळवायचे लाकडी चिमटे लावा. हॉस्टेलच्या दोरीवरून तेवढे दिवस जे चिमटे गायब होते, ते कुठे गेले होते याचा खुलासा यानिमित्तानं करत आहोत. सगळे परत केले आहेत, फक्त थोडे तेलकट.

जोडणी आणि निकाल

दांडा काचेवर लोळवून सरळ आहे का पाहिला. व्हॉल्व्ह आणि सीट लॅपिंग पेस्टनं घासले. व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल भरून झिरपतं का पाहिलं. नवं हेड गॅस्केट टाकलं. थंड इंजिनावर फीलर गेजनं क्लिअरन्स लावला, इनलेटला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. आणि हो, हेड बसवण्याआधी आणि साइड कव्हर लावण्याआधी चिंध्या मोजल्या. घातल्या तितक्याच निघाल्या.

सेमिस्टर संपायला नऊ दिवस असताना इंजिन चालू झालं. आधी पांढरा धूर, मग निळा, मग शेडबाहेर उभ्या असलेल्यांच्या टाळ्या. सरांनी रजिस्टर मागवून 'नादुरुस्त' शेरा खोडला आणि तिथे सही केली. सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला आता एफ-हेड फळ्यावर काढावा लागत नाही, शेडमध्ये जाऊन बघता येतो.

तुमच्या घरी, मामाकडे किंवा गावच्या गोठ्यात एखादी जुनी जीप, फियाट किंवा ॲम्बेसेडर उभी असेल तर एवढं करा. टाकीतलं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा धरतं. सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या तोंडाला कोरडी चिंधी लावा आणि स्टीअरिंगवर तशी चिठ्ठी बांधा. महिन्यातून एकदा प्लग काढून चार थेंब तेल सोडा आणि इंजिन हातानं दोन फेरे फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे. आमचे अकरा दिवस गेले ते याच दहा मिनिटांच्या अभावी.

ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी शेडमध्ये यावं. येताना जुने सुती कपडे घेऊन यावेत. चिंध्या कायम कमी पडतात.